मरीन टँकचा लाईट: कोणता घ्यायचा आणि नेमका कुठे टांगायचा

खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा म्हटलं की सगळं डोकं मासे कोणते आणि खर्च किती यातच जातं, काच येते, सम्प म्हणजे खालची फिल्टरची टाकी येते, पाण्यातली घाण काढणारा स्किमर येतो, मीठ येतं, आणि लाईटचा नंबर लागतो तेव्हा खिसा बऱ्यापैकी हलका झालेला असतो. मग दुकानदार सांगतो हा घ्या, एकदम ब्राईट आहे, आणि आपण घेतो. पण तो ब्राईट आपल्या डोळ्यांना आहे. कोरलला, म्हणजे प्रवाळाला, किती उजेड मिळतोय हे डोळ्यांनी कळत नाही, अजिबात कळत नाही, आणि रीफ टँकच्या, म्हणजे कोरल ठेवलेल्या टँकच्या, लाईटच्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

तर आधी हे ठरवा की टँकमध्ये राहणार कोण. नुसते मासे असतील, म्हणजे क्लाऊनची जोडी, दोनचार डॅमसेल आणि बाकी दगड, तर महागड्या लाईटची काही गरज नाही. माशांना उजेड लागतो तो दिवस-रात्र कळायला आणि आपल्याला लागतो ते मासे दिसायला, बस्स. साधा एलईडी चालतो, उलट जास्त उजेड दिला तर दगडांवर शेवाळ माजतं आणि मग रविवार ब्रश घेऊन घासण्यात जातो.

कोरल आले की गणित बदलतं. कोरल हा प्राणी आहे, झाड नाही, पण त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला, हे शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं. घरात आपण जी कोरल ठेवतो त्यातल्या बहुतेकांचं पोट यावरच चालतं. म्हणजे लाईट शोसाठी नाही, खुराक आहे तो. अपवाद आहेत, ते भडक केशरी सन कोरल असतं ना, त्याच्यात हे शैवाल नसतंच, त्याला लाईट नसला तरी चालतं, पण मग एकेका तोंडाला पिपेटने भरवत बसावं लागतं, नवीन माणसाने त्याच्या नादी लागू नये.

आता हा खुराक मोजायचा कसा. वॅटमध्ये नाही. वॅट म्हणजे लाईट वीज किती खातो, देतो किती ते नाही. इतक्या लिटरला इतके वॅट हा जुना हिशोब ट्यूब आणि मेटल हॅलाइडच्या जमान्यातला आहे, एलईडी आल्यावर त्याला काही अर्थ उरला नाही, तरी अजून लोक ठोकून सांगतात. ल्युमेन आणि लक्स पण नाही, कारण ती दोन्ही मापं माणसाच्या डोळ्याला धरून बनवलेली आहेत आणि माणसाचा डोळा सगळ्यात तीक्ष्ण असतो हिरव्या-पिवळ्या रंगाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. गडद निळा, म्हणजे ४५० वगैरे, आपल्याला अंधुकच वाटतो. आणि गंमत अशी की कोरलमधल्या शैवालाला नेमका तो निळाच हवा असतो.

म्हणून माप वापरतात पारचं. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे, किती प्रकाशकण एखाद्या जागेवर पडतायत त्याचा हा हिशोब. युनिट लांबलचक आहे, दर चौरस मीटरला दर सेकंदाला इतके मायक्रोमोल, पण बोलताना सगळे नुसतं "इथे पार दोनशे आहे" असंच म्हणतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्याकडे भर दुपारी उघड्यावर ऊन साधारण २००० पार असतं. टँकमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्यात सुद्धा खूप काही जगतं, कारण समुद्रात पाण्याखाली पोचेपर्यंत ते ऊन बरंच कमी झालेलं असतं.

मशरूम कोरलला ५० च्या आसपास मिळालं तरी ते खूश. झोआ आणि लेदरसारखी सॉफ्ट, म्हणजे मऊ, कोरल ५० ते १५० मध्ये मजेत राहतात. हॅमर, टॉर्च, ब्रेन ही मोठ्या पॉलिपची, म्हणजे मोठ्या तोंडांची, कडक कोरल, त्यांना ८० ते १५०, काहींना थोडं वर. आणि ॲक्रोपोरा, माँटिपोरा वगैरे छोट्या पॉलिपवाल्यांना २०० ते ३५०. हे आकडे दगडावर कोरलेले नाहीत, एकाच्या टँकमध्ये जे कोरल २५० मध्ये फुलतं ते दुसऱ्याकडे १८० मध्ये पण छान असतं, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं. माझं मत विचाराल तर पहिल्या टँकला सॉफ्ट कोरलच घ्या. लाईट स्वस्तातला चालतो, चुका खपतात. आणि अजून एक कारण आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या समुद्रातली सगळी कडक प्रवाळं संरक्षित आहेत, त्यामुळे कोणी "लोकल माल आहे" म्हणून स्वस्तात कडक कोरल दाखवत असेल तर तिथून सरळ निघा, ते किती स्वस्त आहे हे बघू पण नका.

पार मोजायचा मीटर मिळतो, अपोजी कंपनीचा पाण्यात बुडवायचा सेन्सर या छंदात सगळ्यात जास्त वापरला जातो, पण तो घरी विकत घेऊन ठेवण्यासारखी वस्तू नाही, वर्षातून दोनदा लागतो आणि किंमत चांगल्या लाईटच्या तोडीची. ओळखीच्या कोणाकडे असला तर एक दिवस मागून आणा, किंवा चारपाच जणांनी मिळून घ्या. मोबाईलच्या लक्स ॲपवर मात्र जाऊ नका. उन्हात एक पार म्हणजे साधारण ५४ लक्स असा हिशोब बसतो, पण निळ्या एलईडीखाली तो साफ कोलमडतो, ॲप थोडासाच आकडा दाखवतं आणि आपण म्हणतो कमी आहे, वाढवा, आणि खाली कोरल भाजतंय. डोळे फसवतात तेच ॲप पण फसवतं, कारण दोघांचं माप एकच.

मग निळा का, हा प्रश्न येतो. समुद्राचं पाणी लाल रंग आधी शोषतं. पाच मीटर खाली गेलं की लाल बराचसा गेलेला असतो, दहा मीटरवर जवळजवळ नसतोच, निळा मात्र खूप खोल जातो. कोरलमधलं शैवाल या निळ्या उजेडावर पोसलेलं आहे, त्यातलं क्लोरोफिल आणि पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य निळ्यापासून निळसर-हिरव्यापर्यंतचा उजेड चांगला ओढतात. म्हणून रीफ लाईटमध्ये ४५० च्या आसपासचे रॉयल ब्लू एलईडी जास्त असतात, बाजूला ४७० चे निळे, ४०० ते ४२० चे थोडे जांभळे, आणि डोळ्यांना बरं वाटावं म्हणून पांढरे. खोक्यावर १०००० केल्व्हिन, १४०००, २०००० असं लिहिलेलं असतं, आकडा जेवढा मोठा तेवढा लाईट निळसर, एवढंच समजा. १०००० मध्ये टँक पांढराशुभ्र दिसतो, २०००० मध्ये निळाभोर. झाडांच्या गोड्या टँकचे लाईट ६५०० च्या आसपासचे असतात, त्यात लाल भरपूर असतो, ते दुकानात शेजारीच ठेवलेले असतात आणि निम्म्या किमतीत मिळतात, पण रीफला ते नको. कोरल एका दिवसात मरणार नाही त्याने, पण रंग येणार नाही आणि शेवाळ मस्त येईल. अर्थात शेवाळाचं सगळं खापर लाईटवर फोडू नका, पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे उरलेल्या खाण्यातून आणि माशांच्या घाणीतून येणारं खत, साठलेलं असेल तर कुठलाही लाईट लावा, ते येणारच.

निळ्याखाली कोरल जी हिरवी-नारिंगी चमकतात ती त्यांच्यातल्या फ्लुरोसंट प्रथिनांमुळे. असलं हिरवं प्रथिन पहिल्यांदा जेलीफिशमध्ये सापडलं आणि त्यावरच्या कामाला २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन या तिघांना. दिसायला जबरदस्त असतं ते, पण चमकतंय म्हणजे सुखात आहे असं नाही, ताणाखाली शैवाल गमावलेलं कोरल सुद्धा कधीकधी डोळे दिपतील इतकं चमकतं. म्हणून दुकानात फ्रॅग, म्हणजे कोरलचा छोटा तुकडा, घेताना त्यांना सांगा, भाऊ जरा पांढरा चालू करा. पांढऱ्यात बघून घ्यायचं. क्रॉफर्ड मार्केट असो की गल्लीतलं दुकान, निळ्याखाली सगळाच माल हजाराचा वाटतो.

लाईटचे प्रकार थोडक्यात. मेटल हॅलाइड, म्हणजे १५०, २५० किंवा ४०० वॅटचा दिवा, कोरल अप्रतिम वाढवतो पण उष्णता एवढी की मुंबईत त्याच्यासाठी मोठा चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, लावावा लागेल, सोडून द्या. टी-फाईव्ह ट्यूब, चार फुटी ५४ वॅटची, दोन फुटी २४ ची, यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या कमी, अजूनही कितीतरी जुने लोक शपथ घेतात तिच्या नावाने, पण दर ९ ते १२ महिन्यांनी ट्यूब बदलावी लागते आणि आपल्याकडे ती वेळेवर मिळेलच याची खात्री नाही. बदलताना सगळ्या एकदम बदलू नका, जुन्या ट्यूब हळूहळू मंद झालेल्या असतात आणि नव्या लावल्या की कोरलला अचानक दणका बसतो, एकेक करून बदला.

राहिला एलईडी, आज बहुतेकांनी तोच घ्यावा. त्यात एका टोकाला रेडिऑन, हायड्रा, केसिल असले नावाजलेले, ॲपवर चालणारे, आणि दुसऱ्या टोकाला चायनाचा काळा खोका. हा खोका १६५ वॅट म्हणून विकतात कारण आत ३ वॅटचे ५५ एलईडी असतात, पण ते पूर्ण ताकदीने चालवलेले नसतात, त्यामुळे भिंतीतून खरी वीज त्याहून बरीच कमी ओढतो. पंखा कधी आवाज करतो, ॲप नाही, निळ्याचं एक बटण आणि पांढऱ्याचं एक बटण. तरी कोरल त्याच्याखाली पण वाढतात, हे महागडा लाईट घेतलेल्यांना ऐकायला आवडत नाही. फक्त तो मधोमध फार जोरात मारतो, त्यामुळे नवीन लावताना निळा ४० टक्क्यांच्या आत आणि पांढरा १०-१५ वरच ठेवा, अंधार वाटला तरी.

आता टांगायचं कुठे. इथे माझं ठाम मत आहे की कुठला लाईट यापेक्षा तो कुठे लावलाय यावर जास्त अवलंबून असतं. झारी झाडाच्या जवळ धरली तर एकाच जागी धो धो पाणी पडतं आणि उंच धरली तर सगळ्या वाफ्यावर हलकं पसरतं, लाईटचं तसंच आहे. पाण्यापासून सहा इंचावर लावला तर मधल्या दगडाला ३०० आणि कोपऱ्याला ६०, वर नेला की मधला आकडा खाली येतो, कोपऱ्याचा थोडा वर येतो, फरक कमी होतो. बहुतेक एलईडीला पाण्यापासून ८ ते १२ इंच ही जागा बरोबर बसते, ६० अंशाची अरुंद लेन्स असेल तर आणखी वर, १२० ची असेल तर थोडा खाली चालतो. खूप वर नेला की मात्र निम्मा उजेड हॉलमध्ये सांडतो आणि टीव्ही बघणारे वैतागतात. दुप्पट उंची म्हणजे चौथा हिस्सा उजेड हे शाळेतलं गणित एका ठिपक्याएवढ्या दिव्याला लागू पडतं, आपला लाईट पसरलेला असतो आणि खाली काचेच्या भिंती असतात, त्यामुळे प्रत्यक्षात एवढा पडत नाही.

त्या काचेच्या भिंतींचं जरा सविस्तर सांगतो, कारण हे फार कमी लोक सांगतात. उजेड हवेतून पाण्यात शिरताना खाली वाकतो, वरून कितीही तिरका येऊ दे, पाण्यात तो उभ्या रेषेपासून ४८-४९ अंशांहून जास्त तिरका जाऊ शकत नाही. आणि मग बाजूच्या काचेवर तो इतका निसटता आदळतो की त्यातला बहुतेक बाहेर न जाता परत आतच वळतो. स्टुलावर उभं राहून वरून टँकमध्ये तिरकं बघा, समोरची काच चक्क आरशासारखी दिसेल, पलीकडची भिंत दिसणारच नाही. म्हणजे टँकच्या चारही बाजूंना फुकटचे रिफ्लेक्टर आहेत. पण त्या काचेवर कोरलाइन नावाच्या कडक शेवाळाचा किंवा हिरवा थर बसला की हे रिफ्लेक्टर गेले, कडेच्या कोरलांचा उजेड घटतो आणि आपण म्हणतो लाईट जुना झाला वाटतं. मागची काच लोक घासतच नाहीत. घासा कधीतरी.

पुढेमागे कुठे? बहुतेक जण बरोबर मध्ये लावतात. मी म्हणतो मध्यापासून दोनतीन इंच पुढे, आपल्या बाजूला घ्या. कारण कोरलची जी बाजू आपल्याला दिसते तिच्यावर उजेड पडला पाहिजे, मागे लावला तर आपल्या वाट्याला सावलीची बाजू येते. आणि कोरल उजेडाकडे वाढतात, त्यामुळे वर्षभराने ती आपल्याकडे तोंड करून वाढलेली दिसतात.

दोन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच असा साधारण १२५ लिटरचा टँक असेल तर एक लाईट पुरतो. तीन फुटाला एक मोठा किंवा दोन छोटे, चार फुटाला दोन तरी हवेतच, आणि मध्ये काचेची आडवी पट्टी असेल तर लाईट तिच्या बरोबर वर नको, तिची सावली पडते. दोन मध्यम लाईट अर्ध्या ताकदीवर चालवणं हे एक दांडगा लाईट पूर्ण ताकदीवर चालवण्यापेक्षा केव्हाही चांगलं, सावल्या कमी होतात. एलईडी हा ठिपक्यातून येणारा उजेड असतो, त्यामुळे पाण्यावर जी नाचणारी झळाळी दिसते ती सुंदर, पण सावल्या पण तितक्याच कडक. फांद्यावालं कोरल मोठं झालं की त्याच्या खालच्या फांद्या सावलीतच मरतात, ते रोग समजून औषधं ओतू नका.

लाईट आणि पाणी यांच्या मध्ये काचेचं झाकण ठेवू नका, त्याच्यावर मिठाचे थेंब सुकून पांढरा थर बसतो आणि उजेड अडतो. मासे उडी मारतात म्हणून झाकण हवंच असतं, मग बारीक पारदर्शक जाळी लावा. लाईटच्या स्वतःच्या लेन्सवर पण मीठ उडतं, आठवड्याला बंद करून, गार झाल्यावर, आरओच्या पाण्याने ओलं केलेल्या मऊ फडक्याने पुसा.

नवीन लाईट लावला की धीर धरा. ३०-४० टक्क्यांवर सुरू करा आणि दर आठवड्याला पाचेक टक्के वाढवा, महिना दीड महिना लागतो. कोरलमधलं शैवाल आपलं प्रमाण उजेडाप्रमाणे बदलत असतं आणि त्याला आठवडे लागतात, त्या आधी उजेड वाढवला की शैवाल बिघडतं, कोरल ते बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. नवीन फ्रॅग आणलं तर आधी तळाला वाळूवर ठेवा, दहापंधरा दिवसांनी वर सरकवा. यात एक छुपा धोका आहे तो म्हणजे कार्बन, पाणी स्वच्छ करायला टाकतात तो. बरेच महिने कार्बन न टाकलेल्या टँकचं पाणी पिवळसर झालेलं असतं, आपल्या लक्षात येत नाही, आणि पिवळं पाणी निळा उजेडच खातं. एक दिवस भरपूर कार्बन टाकला की पाणी स्वच्छ, आणि लाईटच्या बटणाला हात न लावता कोरलवरचा उजेड वाढलेला असतो.

किती तास? ८ ते १० बास. दिवसभरात एकूण किती उजेड पडला हा हिशोब महत्त्वाचा, २०० पार ८ तास दिलं काय आणि १५० पार १० तास ४० मिनिटं दिलं काय, बेरीज तीच. म्हणून ऑफिसवरून रात्री उशिरा येणाऱ्यांनी ताकद कमी करून तास थोडे वाढवले किंवा लाईटची वेळच दुपारी २ ते रात्री ११ ठेवली तरी चालतं, कोरलला घड्याळ कळत नाही, फक्त रोज तीच वेळ ठेवा, टायमर लावा. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-एक तास हळूहळू वाढ-उतार दिला तर मासे दचकत नाहीत, त्यांना पापण्या नसतात, अंधारात एकदम फटकन लाईट लागला की उड्या मारतात. रात्रभर मूनलाईट, म्हणजे रात्रीचा मंद निळा दिवा, ठेवायची गरज नाही.

मीटर नसेल तर कोरलकडे बघून अंदाज घ्यावा लागतो. झोआच्या देठांकडे बघा. उजेड कमी पडत असला की देठ लांब होतात आणि तोंडं वर ताणलेली दिसतात, बरोबर असला की गालिच्यासारखी बसकी आणि दाट. मशरूम जास्त उजेडात आक्रसून कडा वर वळवतं. कोरल तपकिरी मळकट झालं तर उजेड कमी किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त, फिकट पडत गेलं तर उजेड जास्त किंवा पाणी फारच उपाशी, म्हणजे त्यात नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ नाहीच. दोन्ही वेळेला आधी पाणी तपासा, मग लाईटला हात लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

खिडकीतलं ऊन वापरावं का असं बरेच जण विचारतात. थेट ऊन टँकवर नको. उजेड उत्तमच असतो, पण पाणी २५-२७ अंशाला ठेवायचं असतं आणि मे महिन्यात ते आधीच तिशीपार जायला बघत असतं, त्यात ऊन म्हणजे चिलर दिवसभर घरघरणार. एलईडी बरीचशी उष्णता वरच्या बाजूला पंख्याने टाकतो, म्हणून वरून बंद हूडमध्ये कोंबू नका, मागे-वर हवा जायला जागा ठेवा. विजेचं म्हणाल तर १०० वॅटचा लाईट ८ तास म्हणजे महिन्याला २४ युनिट, बिलात चिलरच जास्त बोचतो.

वायरिंगकडे मात्र दुर्लक्ष नको. खारं पाणी आणि वीज. सीलिंगला हूक मारणार असाल तर फॉल्स सीलिंगच्या पीओपीत नाही, वर स्लॅबमध्ये मारा. प्रत्येक वायरला बोर्डाच्या आधी खाली एक झोळ द्या म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. त्या लाईनवर ३० मिलिॲम्पची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच, आहे का ते वायरमनला विचारा, नसेल तर लाईट घ्यायच्या आधी ती बसवा.

आणि लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर घेणार असाल तर त्याच्यावर लाईट जोडू नका. दोन दिवस अंधारात राहून कोरलला काही होत नाही, पाणी हललं नाही तर मात्र ऑक्सिजन काही तासांत संपतो. बॅटरी वेव्हमेकरला, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाला, द्या.